बुजलेली वाट

१९७७ साली केंद्रात जनता पक्षाचं सरकार आलं आणि रेल्वे खातं मधू दंडवते यांच्याकडे गेलं. तोवर दुसऱ्या वर्गातली झोपायची फळी ही खरोखरीची फळी असायची, लाकडाची. मिरजेहून मुंबईला जाताना आई तिच्यावर घरून आणलेली गोधडी दुहेरी करून घालायची, तरी सकाळी कंबर धरलेली असायची. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घालायला लावला. वरच्या वर्गाची ऐट वाढवण्याआधी दुसऱ्या वर्गाच्या पाठीचा विचार व्हावा, असा त्यांचा साधा हिशेब होता. हा मंत्री त्याआधी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख होता.

मीही भौतिकशास्त्रच शिकवलं. सांगली जिल्ह्यात, एका तालुक्याच्या कॉलेजात, बत्तीस वर्षं. निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी भेटायला येतात. बरेचसे पुण्या-बंगळुरात आहेत, काही परदेशात. राजकारणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "मॅडम, हुशार माणूस तिकडे जातच नाही." कोणी चिडून म्हणतं, कोणी हळहळून. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावं असं वाटलं. माझ्या मते हुशार माणसाला राजकारणाचं वावडं नसतं. त्याला तिथपर्यंत नेणाऱ्या वाटा आपण एकेक करून बुजवल्या. त्यातली एक बुजवताना माझाही हात लागला आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

टिळक गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले, गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांचे डॉक्टर, चिंतामणराव देशमुख ब्रिटिश काळातल्या आयसीएस या सनदी सेवेच्या परीक्षेत पहिले आलेले. ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण ती म्हणताना आपण एक सोयीचा अर्थ काढतो, की तो काळच थोर होता, ती माणसंच वेगळ्या मातीची होती. मग आजच्याबद्दल काही करायचं उरत नाही. म्हणून मला या थोर नावांपेक्षा कोकणातला राजापूर मतदारसंघ जास्त बोलका वाटतो. १९५७ पासून १९७१ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत तिथून बॅरिस्टर नाथ पै निवडून येत राहिले आणि त्यांच्यानंतर १९७१ ते १९९१ सलग पाच वेळा दंडवते. चौतीस वर्षं एका मतदारसंघाने आधी बॅरिस्टर आणि मग प्राध्यापक दिल्लीला पाठवला. हा मतदारसंघ श्रीमंत नव्हता. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर जगणारी घरं होती ती. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही त्यांनी दंडवत्यांना सोडलं नाही. लोकांना हुशार माणूस नको असतो, असं म्हणणाऱ्यांनी राजापूरच्या मतदारांची आठवण ठेवावी.

उलट पुरावाही आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत हरले, १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातही हरले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष दोनदा पडतो, याचं दुःख आजही वाटतं. पण पराभवानंतर ते घरी बसले नाहीत. त्यांनी पक्ष उभे केले होते, वर्तमानपत्रं चालवली होती, पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती. सिद्धार्थ महाविद्यालय त्याच सोसायटीचं, १९४६ सालचं. मतपेटीत हरलेल्या माणसाने काढलेल्या कॉलेजात नोकरी करणारा प्राध्यापक पुढे खासदार होतो, मंत्री होतो. वाट म्हणतात ती ही. एका माणसाची बुद्धी दुसऱ्याला पोचवणारी, मधल्या काळात तग धरणारी व्यवस्था.

स्वीडनमध्ये पूर्वी जवळजवळ प्रत्येक तरुणाला सैन्यभरतीच्या वेळी बुद्धीची चाचणी द्यावी लागे. तिथल्या संशोधकांनी त्या गुणांची राजकारण्यांच्या यादीशी तुलना केली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. निवडून आलेले लोक सरासरी नागरिकापेक्षा बुद्धीने आणि नेतृत्वगुणांनी सरस निघाले आणि तरीही ते समाजाच्या सगळ्या थरांतून आलेले होते, केवळ सुखवस्तू घरांतून नाही. स्वीडन म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हे मला कळतं. पण लोकशाहीत हुशार माणूस राजकारणापासून आपोआप दूर पळतो, हा काही निसर्गनियम नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. फरक पडतो तो दार कसं आहे याने.

हुशारी म्हणजे काय, हेही थोडं तपासू. माझे विद्यार्थी हुशार म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बोर्डातले मार्क असतात, जेईईची रँक असते. ती हुशारी मी आयुष्यभर शिकवली, तिची किंमत मला ठाऊक आहे. पण पोपटराव पवार १९८९ साली हिवरे बाजारचे सरपंच झाले तेव्हा त्यांच्याकडे एम. कॉम.ची पदवी होती आणि समोर दुष्काळी, दारूत बुडालेलं, माणसं सोडून चाललेलं गाव होतं. गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. पाऊस मोजायचा, जमिनीत पाणी किती मुरलं याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि त्यावरून यंदा कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. मोजमाप आणि ताळेबंद माझ्या प्रयोगशाळेतलेच, पण त्याला जोड होती ती दोनशे घरांना पटवण्याची. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात मध्ये पडून दोघांनाही चराईबंदी मान्य करायला लावणं, हे कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

दुसरं उदाहरण आमच्याच सांगली जिल्ह्यातलं आहे आणि ते महाराष्ट्र जवळजवळ विसरला आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. सभापतिपद म्हणजे मानाचं, पण धोरण ठरवण्याचं नव्हे. तरीही या माणसाने डोक्यात एक प्रश्न घेतला : ज्याला अंगमेहनतीचं काम हवं आहे, त्याला ते हक्काने मिळेल अशी योजना सरकारला परवडेल का? हीच रोजगार हमी योजना. १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातल्या काही गावांत तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला. पैसा कुठून आणायचा, याचंही उत्तर शोधलं गेलं. १९७५ पासून शहरी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, तो या योजनेसाठी. हिंजवडीत बसून "राजकारण्यांना काय अक्कल असते" म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी आपली पगाराची पावती उघडून पाहावी. दर महिन्याचे ते दोनशे रुपये म्हणजे एका राजकारण्याच्या बुद्धीची खूण आहे. २००५ मध्ये अख्ख्या देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं बी तासगावात पेरलेलं होतं.

आता माझा वाटा.

आमच्या पिढीने कॉलेजात निवडणुका पाहिल्या. विद्यापीठ प्रतिनिधी, जनरल सेक्रेटरी, वर्गावर्गांतून प्रचार. मारामाऱ्याही पाहिल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पालकांच्या मनात भीती बसली. ती भीती खोटी नव्हती. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी मार्कांवरून नेमायचे ठरलं. वर्गात पहिला आलेला तो वर्गाचा प्रतिनिधी. वर्षानुवर्षं त्या याद्यांवर मी सह्या केल्या. तेव्हा बरंच वाटायचं : गोंधळ नाही, गटबाजी नाही, अभ्यासू पोरांना मान. आज कळतं की त्या यादीने दोघांचं नुकसान केलं. पहिल्या नंबराच्या मुलाला वाटलं की प्रतिनिधित्व हे मार्कांचं बक्षीस असतं. शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे जाऊन "मला मत का द्यावंस" हे सांगण्याची पाळी त्याच्यावर कधी आली नाही. आणि ज्याला माणसं जोडता येत होती, पण मार्क बेताचे होते, त्याला कळलं की इथे आपली गरज नाही. तो मग कुठल्यातरी दादाच्या गाडीमागे गेला. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, तारखा लागल्या, पुढे ढकलल्या गेल्या आणि मतपेटी काही महाराष्ट्राच्या कॉलेजांत पुन्हा रुळली नाही. शरद पवारांसारखे नेते पुण्याच्या कॉलेजातल्या निवडणुकांतून पुढे आले. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, त्यांची सुरुवात कुठे झाली हे विसरून चालणार नाही.

कॉलेजाबाहेरही वाटा होत्या. राष्ट्र सेवा दलाची शाखा, कम्युनिस्टांचे अभ्यासवर्ग, संघाची शाखा, सहकारी सोसायट्या, गिरणी कामगारांच्या युनियनी. त्यांचे विचार एकमेकांच्या विरुद्ध, पण काम एकच : चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला धरायचं, वाचायला लावायचं, चार माणसांत बोलायला उभं करायचं. आयआयटी मुंबईतून धातुशास्त्र शिकलेले मनोहर पर्रीकर २००० साली गोव्याचे मुख्यमंत्री झाले. आयआयटीत शिकलेला देशातला पहिला मुख्यमंत्री म्हणून त्यांचं कौतुक होतं. पण ते आयआयटीमुळे राजकारणात आले नाहीत, संघाच्या शाखेमुळे आले. बिट्स पिलानी आणि बर्कलेहून अभियंता होऊन आलेले पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले. त्यांचे वडील आणि आई दोघेही कराडचे खासदार होते. म्हणजे आजही उच्चशिक्षित माणूस वर पोचतो. पण पाठीशी एक तर संघटना लागते, नाही तर घराणं. ज्या हुशार मुलीच्या पाठीशी दोन्ही नाही, तिने कुठून चढायचं?

समजा तिने ठरवलंच. पुण्यात २०१७ ची महापालिका निवडणूक बहुतांश चार सदस्यांच्या प्रभागांत झाली. एकतीस लाखांच्या शहराचे एकेचाळीस प्रभाग, म्हणजे एका प्रभागात सरासरी पाऊण लाख माणसं. आपल्या गल्लीत, शाळेत, भाजी मंडईत ओळखली जाणारी व्यक्ती पूर्वीच्या छोट्या वॉर्डात पायी फिरून निवडून येऊ शकायची. पाऊण लाखांत ते होत नाही. तिथे पॅनल लागतं, पॅनलला पक्ष लागतो, पक्षाला पैसा लागतो. त्यातून मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्याच्या महापालिकांत साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच बसले. राजकारणाची पहिली पायरी एवढा काळ कुलूपबंद होती आणि याबद्दल शिकल्यासवरल्या शहरांत जेवढा संताप व्हायला हवा होता, तेवढा मला तरी दिसला नाही.

माझा एक विद्यार्थी होता. तालुक्यात पहिला, इंजिनिअर झाला, नोकरी सोडून द्राक्षबागेत परतला. पाणीवाटपाच्या प्रश्नावर चार-पाच गावं एकत्र आणली, अर्ज लिहिले, अधिकाऱ्यांना आकडे दाखवून निरुत्तर केलं. पंचायत समितीला उभं राहायचं त्याने ठरवलं आणि एका पक्षाच्या जिल्हा पातळीवरच्या माणसाकडे गेला. त्याचं काम, शिक्षण काहीही विचारलं गेलं नाही. पहिला प्रश्न आला : "किती घालायची तयारी आहे?" दुसरा प्रश्न जातीच्या मतांचा. यालाच, म्हणजे निवडून येण्याच्या ताकदीला, पक्षांत 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात. मेरिट हा शब्द आम्ही शिक्षकांनी आयुष्यभर वापरला, तो असा वापरलेला ऐकून त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. विधानसभेला खर्चाची कायदेशीर मर्यादा चाळीस लाख आहे. खरा खर्च काय होतो, हे शेवटच्या रात्री गावात फिरणाऱ्या गाड्या पाहिलेल्या कुणालाही विचारा. तो मुलगा आज पुण्यात एका कंपनीत आहे. तो राजकारणातून 'पळाला' असं कुणी म्हटलं, तर मला ते सहन होत नाही.

आणि पोटाचं काय? सरपंचाला गावाच्या लोकसंख्येप्रमाणे महिन्याला सहा ते दहा हजार मानधन आहे, तेही अलीकडे दुप्पट झाल्यावर. त्यात घर चालत नाही. म्हणून राजकारण पूर्णवेळ कोण करू शकतो? ज्याचा क्रशर आहे, ठेकेदारी आहे, शिक्षणसंस्था आहे, वडिलांचा कारखाना आहे. गोखल्यांना हा प्रश्न एकशेवीस वर्षांपूर्वी कळला होता. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला तो याचसाठी. हुशार तरुण घ्यायचे, त्यांच्या घराला पुरेल एवढंच वेतन द्यायचं आणि पहिली पाच वर्षं फक्त शिकायला लावायचं : देश फिरा, अहवाल वाचा, अंदाजपत्रक समजून घ्या. सार्वजनिक काम हा शिकण्याचा विषय आहे, असं ते मानत होते. आज आपण एमपीएससीच्या मुलाला सदाशिव पेठेत खोली, मेस आणि अभ्यासिका यासाठी वर्षानुवर्षं पैसे पाठवतो, शेत विकून पाठवतो. यूपीएससीला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज जातात, जागा हजाराच्या आसपास. या मुलांना सत्ता नको आहे असं कोण म्हणेल? त्यांना सत्ताच हवी आहे, गावासाठी काहीतरी करण्याची सत्ता. फक्त तिथे जायचा नकाशा त्यांच्या हातात आहे : अभ्यासक्रम, पुस्तकं, तारीख, निकाल. राजकारणाला असा नकाशा नाही.

आत पोचल्यावर बुद्धीला काम काय, हाही प्रश्न आहेच. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी आला. ते तर थांबलं नाहीच, अख्खे पक्ष इकडून तिकडे गेलेले आपण पाहिले. पण व्हिपमुळे, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत देण्याच्या आदेशामुळे, एकेकट्या सदस्याचं विवेकाने मत देणं मात्र संपलं. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, आणलं आणि देशभर त्यावर वाद झाला. खासगी सदस्याचं विधेयक संसदेने संमत करून कायदा झाल्याची शेवटची घटना १९७० सालची आहे. पन्नासहून अधिक वर्षांत एकही नाही. आमदाराचा दिवस लग्नं, मयत, बदलीची पत्रं, पोलिस ठाण्याला फोन आणि दवाखान्यातल्या खाटेसाठी शब्द टाकण्यात जातो. यातलं एकही काम मी कमी लेखत नाही; सरकारी यंत्रणा सरळ चालत नाही म्हणून लोकांना आमदाराच्या दारात यावं लागतं. पण कायदा वाचणारा, अंदाजपत्रकातली खोच पकडणारा सदस्य निवडणुकीत त्याचं फळ मिळवत नाही. का मिळवत नाही, याचं उत्तर आपल्याकडे बोट दाखवतं.

ते बोट मी माझ्या विद्यार्थ्यांकडेही वळवते. पाणी टँकरचं, वीज गेली तर सोसायटीचा जनरेटर, शाळा खासगी, दवाखाना मेडिक्लेमवर. नगरपालिकेचा नळ कोरडा पडल्याची झळ ज्याला लागत नाही, त्याला नगरपालिकेची निवडणूक सुट्टीचा दिवस वाटते. एका विद्यार्थ्याच्या पुण्यातल्या सोसायटीत गेले होते. चारशे घरं, बहुतेक इंजिनिअर, आणि सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही. एकजण दोन वर्षं होता, त्याने पार्किंगचा नियम लावला म्हणून व्हॉट्सॲपवर त्याच्या बायकोपर्यंत अपशब्द गेले. तिथे तर पैसा नव्हता, गुंड नव्हते, घराणं नव्हतं. चारशे शिकलेली घरं आपल्यातल्या एका काम करणाऱ्याला सांभाळू शकली नाहीत. राजकारण घाण आहे म्हणून हुशार लोक जात नाहीत, हे कारण त्या सोसायटीला कसं लावायचं?

दार उघडलं की माणसं येतात, हे आपण एकदा पाहिलेलं आहे. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत बायकांना तीस टक्के जागा दिल्या, पुढे घटनादुरुस्तीने तेहेतीस, २०११ पासून निम्म्या. सुरुवातीला हेटाळणी झाली, नवरेच कारभार पाहतात म्हणून. अनेक ठिकाणी पाहतही होते, अजूनही पाहतात. पण त्याच आरक्षणातून अशा बायका पुढे आल्या, ज्यांची हुशारी तोवर घरातल्या डाळ-तांदळाच्या हिशेबापलीकडे कुणी मोजलीच नव्हती. त्या आधी राजकारण 'टाळत' होत्या का? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मला कॉलेजातल्या निवडणुका परत हव्या आहेत, मारामारीचा धोका धरूनही. एका सदस्याचा छोटा वॉर्ड हवा आहे आणि मुदत संपली की ठरल्या दिवशी मतदान. पक्षाने उमेदवार कसा ठरवला, हे सदस्यांना विचारता यावं. आणि गोखल्यांसारखं कुणीतरी, एखादी संस्था, दहा-वीस मुलामुलींचं पाच वर्षं घर चालवून त्यांना अंदाजपत्रक वाचायला शिकवणारी.

माझी एक विद्यार्थिनी, बी. एस्सी.ला मार्क बेताचेच होते, शेजारच्या गावात राखीव जागेवरून सरपंच झाली आहे. गेल्या महिन्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे कागद घेऊन आली. बंधित निधीतला, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चायच्या पैशातला, खर्च तिला जुळत नव्हता. पाणीपुरवठ्याच्या नावावर दाखवलेली एक रक्कम कुठल्याच कामात सापडत नव्हती. आम्ही दोघी रात्री अकरापर्यंत जेवणाच्या टेबलावर बेरजा करत बसलो. शेवटी रक्कम सापडली नाही, पण ती कोणत्या पानावरून गायब झाली ते सापडलं. तिने त्या पानाची झेरॉक्स काढली आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवणार आहे.